पैशानं मोजलेलं शहाणपण

माझी भाची अमेरिकेत शाळेत गणित शिकवते. शेअर बाजारात न आलेल्या एका नव्या कंपनीत तिला थोडे पैसे गुंतवायचे होते. उत्तर आलं, वर्षाला २ लाख डॉलर उत्पन्न हवं, नाहीतर राहतं घर सोडून १० लाखांची मालमत्ता. हे आकडे १९८२ सालचे! वडिलोपार्जित इस्टेट मिळालेला कुणीही चालतो, गणिताच्या बाई चालत नाहीत. २०२० पासून ठरावीक परीक्षा देऊन परवाना मिळवलेल्यांनाही दार उघडलं, ते बाकी मला आवडलं. (मास्तर ना मी!) पण असे शेअर अडीनडीला विकता येत नाहीत, हिशेबही सहसा उघड नसतो. म्हटलं, २०१६ पासून सामान्यांसाठी क्राउडफंडिंग आहे, तिथे रकमेला मर्यादा असते, ते बघ. ती म्हणाली, "मामा, मर्यादाही उत्पन्नावरच ठरते!"