वळणारा गुणाकार

पाढे पाठ करताना गुणाकार म्हणजे वाढ, एवढंच मनात बसलं होतं. गुणाकार वळूही शकतो, हे कळायला डिप्लोमाचं दुसरं वर्ष उजाडलं. सरांनी फळ्यावर एक आडवा बाण काढला आणि त्याला ‘जे’नं गुणलं. बाण उभा राहिला. पुन्हा गुणलं, तसा तो उलट्या दिशेला तोंड करून आडवा झाला. दोन काटकोनांत एकाचा उणे एक झाला होता. वर्ग करून ऋण संख्या येईलच कशी, हा शाळेपासूनचा सल त्या क्षणी निघाला. (गणितातला ‘आय’ तो हाच, विजेच्या हिशेबात ते अक्षर प्रवाहाकडे गेलेलं, म्हणून ‘जे’.)

घरातली वीज सेकंदाला 50 आवर्तनं घेते. कॉइलमध्ये प्रवाह व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो, कपॅसिटरमध्ये पुढे धावतो. हे मागेपुढे होणं साइन-कोसाइननं मांडायचं तर पानंच्या पानं भरतात. 1893 साली शिकागोच्या विद्युत परिषदेत स्टाइनमेट्झ या विद्युत अभियंत्यानं त्यासाठी ‘जे’ असलेल्या संख्या, म्हणजे संमिश्र संख्या, पुढे केल्या, आणि पानांचं काम दोन ओळींवर आलं. मला तो माणूस फार थोर वाटतो.

समजा, कॉइलचा इम्पीडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा एकूण अडथळा, 3 अधिक जे 4 ओहम आणि प्रवाह 4 वजा जे 3 अँपिअर. दोन्हींचा गुणाकार म्हणजे व्होल्टेज, 24 अधिक जे 7. बाणांच्या भाषेत लांबी पाच पाचे पंचवीस व्होल्ट. कोन 53 आणि उणे 37, मिळून 16 अंश. लांब्या गुणायच्या, कोन मिळवायचे. किती देखणं!

त्याच आनंदात मी पॉवर काढायला व्होल्टेजला प्रवाहानं तसंच गुणलं. 117 वॅट आले. पण 3 ओहममधून 5 अँपिअर गेले, तर उष्णता 75 वॅटच. वरचे 42 आले कुठून?

प्रवाहाच्या ‘जे’चं चिन्ह उलटून गुणायचं असतं. हा नियम मी आधी नुसता घोकला होता. अर्थ उमगला त्या रात्री, वही हातात फिरवताना. कोन कुठल्या रेघेपासून मोजायचे हे मी ठरवलं होतं. कॉइलला त्या रेघेचा पत्ताच नव्हता. वही कशीही धरली तरी कॉइल तेवढीच तापणार, कारण तिला ठाऊक असतं ते व्होल्टेज आणि प्रवाह यांच्यातलं अंतर. चिन्ह उलटलं की कोनांची बेरीज न होता वजाबाकी होते, आणि माझी रेघ हिशेबातून गळून पडते. उत्तर आलं, 75 अधिक जे 100.

त्या 75 ची ऊब होते. ‘जे’बरोबरचे 100 मात्र खर्च होत नाहीत, कॉइलच्या चुंबकक्षेत्रात साठतात आणि आल्या वाटेनं परततात. विहिरीवरच्या मोटरपाशी कपॅसिटर बसवतात तो यासाठीच. मोटर मागते तेव्हा तो देतो, ती परत करते तेव्हा तो ठेवून घेतो. मग एवढ्यासाठी दूरच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत तारांना हेलपाटे घालावे लागत नाहीत.