मिनिटभरात दिसणारा डाग

व्हिनेगर! चायनीजच्या गाडीवर बाटलीत असतं ते. त्यात असतं तेच ॲसिटिक ॲसिड, तीन ते पाच टक्क्यांचं, कापसाच्या बोळ्याने गर्भाशयाच्या मुखाला लावायचं, एक मिनिट थांबायचं आणि चांगल्या उजेडात बघायचं. पेशी बिघडायला लागल्या असतील तिथे दुधावर साय धरावी तसा पांढरा डाग उमटतो. झालं! मोठं मशीन नाही, लॅब नाही, आठ दिवसांनी येणारा रिपोर्ट नाही. डाग नसेल तर बाई दहा मिनिटांत घरी. डाग दिसला तर पुढची तपासणी. आणि डाग दिसला म्हणजे कॅन्सरच झाला असं मुळीच नाही. कॅन्सर होण्याच्या कितीतरी वर्षं आधी जो बिघाड सुरू होतो, तो पकडण्यासाठी हा सगळा खटाटोप!

नागपूरजवळच्या खापरखेड्यातल्या एका कॅन्सर तपासणी शिबिरात मला हे समजलं आणि तेव्हापासून मी भेटेल त्या बाईला हे सांगत सुटले आहे. भाजीवाल्या मावशींना सांगितलं, शाळेतल्या पालक सभेत सांगितलं, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी वहिनींनाही सांगितलं. इतकी मोठी गोष्ट इतकी सोपी असू शकते, हे मनात मावतच नाही.

शिबिर साधंच होतं. एका खोलीला पडदा, एक टेबल, एक टॉर्च, बाहेर सतरंजीवर बसलेल्या बायका. वीज केंद्राच्या वसाहतीतल्या, चनकापूर आणि सिलेवाड्याकडच्या खाणीच्या क्वार्टरमधल्या, मजुरीचा खाडा करून आलेल्या. आशाताई एकेकीजवळ बसून फॉर्म भरत होत्या. वय किती, तंबाखू खाता का, अंगावरून जास्त जातं का, छातीत गाठ लागते का. माझ्या बाजूच्या काकू फॉर्म भरूनही उठायला तयार नव्हत्या. "मले तर काहीच तरास नाही, मंग कायले दाखवू?" आत बोलवायला आलेल्या सिस्टर तिथेच गुडघ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "तरास नाही म्हणूनच तर दाखवाचं, काकू. तरास सुरू झाल्यावर सारेच येतात जी."

काकू उठल्या. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपल्याकडे कॅन्सरची गोष्ट नेहमी शेवटाकडूनच कानावर येते. अमक्याला नागपूरच्या 'तुकडोजी' कॅन्सर रुग्णालयात नेलं, एवढंच कोणी म्हटलं की ऐकणाऱ्याचा आवाज खाली जातो. पण या आजाराला सुरुवातही असते, आणि ती लांबलचक असते! गर्भाशयमुखाचा कॅन्सर बहुतेक सगळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो, आणि संसर्गापासून कॅन्सरपर्यंत पोहोचायला साधारण पंधरा ते वीस वर्षं लागतात. पंधरा-वीस वर्षं! एवढ्या काळात कोणीतरी एकदा टॉर्च धरून बघितलं आणि बिघडलेला भाग तिथल्या तिथे गोठवून किंवा उष्णता देऊन नष्ट केला, की ती बाई मोकळी. तरीही 2020 च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर झाला आणि सत्याहत्तर हजार बायका दगावल्या. आणि 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तीस ते एकोणपन्नास वयाच्या किती बायकांनी ही तपासणी कधीतरी केली होती? शंभरात दोनसुद्धा नाही.

घरी आल्यावर मी वाचायला बसले. ही युक्ती चालते हे मोठ्या प्रमाणावर सिद्ध कोणी केलं? मला वाटलं, अमेरिका किंवा स्वीडन असेल. तर नाव निघालं मुंबईचं! 1998 साली टाटा मेमोरियल हॉस्पिटलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये काम सुरू केलं. डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांचे सहकारी. दोन गट मिळून दीड लाखावर बायका. आणि तपासायला कोण? डॉक्टर नाहीत! किमान दहावी शिकलेल्या मुली-बायका, चार आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या. दर दोन वर्षांनी त्यांनी हीच ॲसिटिक ॲसिडची तपासणी केली आणि ज्या गटात ती झाली तिथे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. 2013 मध्ये शिकागोत जगभरच्या कॅन्सरतज्ज्ञांच्या मुख्य सभेत हे वाचलं गेलं. दहावी शिकलेल्या बायकांनी केलेलं काम! माझ्या गावात अशा शेकडो मुली आहेत, कॉम्प्युटर क्लास करून घरी बसलेल्या.

पण मला खरं वेड लावलं ते बार्शीने.

बार्शी, सोलापूर जिल्ह्यातलं भगवंताचं गाव. तिथे अश्विनी रूरल कॅन्सर रिसर्च अँड रिलीफ सोसायटी ही धर्मादाय संस्था नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल चालवते. महानगर नाही, राजधानी नाही, एक तालुक्याचं ठिकाण. 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी इथे सुरू झाली. तोवर किती माणसांना कोणता कॅन्सर होतो हे मुंबईसारख्या शहरांचंच कळत होतं, खेड्यातल्या माणसाचा कॅन्सर कुठल्याच वहीत नव्हता. शहरातली नोंदणी दवाखान्यांच्या कागदांवर चालते. पण खेड्यातला माणूस दवाखान्यात येतच नसेल तर? बार्शीच्या लोकांनी उलटा रस्ता धरला. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली 346 गावं. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जायचे, चावडीवर बसायचे, बायकांशी बोलायचे, कोणाला अंगावरून जातंय, कोणाची तोंडातली जखम बरी होत नाही हे विचारायचे, लक्षणं समजावून सांगायचे आणि संशय आला की दवाखान्यात पोहोचवायचे.

आणि मग काय झालं? बायका लवकर येऊ लागल्या! गर्भाशयमुखाचा कॅन्सर पूर्वीपेक्षा आधीच्या टप्प्यावर सापडू लागला, आणि त्याचं श्रेय गावात वाढलेल्या जाणिवेला देणारा निबंध 1995 मध्ये कॅन्सरच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. कोणीतरी दारात आलं, नावाने हाक मारून विचारलं, एवढंच. हे मी वाचलं तेव्हा उठून खोलीत फेऱ्या मारल्या. समान उपचार म्हणजे मोठ्या शहरातलं मोठं रुग्णालय गरिबाला फुकट मिळणं, असं मी समजत होते. बार्शीने दाखवलं की समानता त्याच्या फार आधी सुरू होते. जी बाई स्वतःहून कधीच येणार नाही, तिच्यापर्यंत कोण जातं, तिथे!

बार्शीकर तिथेच थांबले नाहीत. 1999 च्या ऑक्टोबरपासून शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, त्यांनी टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेबरोबर एक अफाट अभ्यास केला. गावांचे 52 गट, तीस ते एकोणसाठ वयाच्या 1,31,746 बायका. काही गटांत ॲसिटिक ॲसिडची तपासणी, काहींत पॅप, म्हणजे मुखावरच्या पेशी लॅबमध्ये तपासायची चाचणी, काहींत एचपीव्हीची चाचणी आणि काहींत नेहमीचीच व्यवस्था. डॉ. भगवान नेने आणि त्यांचे सहकारी. शेतात कामाला जाणाऱ्या एक लाखावर बायका! त्यांना पटवायचं, गावातल्या शिबिरात आणायचं, पुढची वर्षानुवर्षं माग ठेवायचा.

निकाल 2009 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. ज्या चौतीस हजार बायकांची आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही चाचणी झाली त्यांच्यात या कॅन्सरने 34 मृत्यू झाले. जिथे तपासणी झाली नाही त्या साडेएकतीस हजारांत 64. एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर! त्याच अभ्यासात एकदाच केलेल्या ॲसिटिक ॲसिडच्या तपासणीने मृत्यूत लक्षणीय घट दिसली नाही. मुंबईत ती दर दोन वर्षांनी, पुन्हा पुन्हा झाली आणि उपयोगी ठरली. माझ्या उत्साहाला हे वाचून धार आली. साधी तपासणी एकदा करून सोडायची नसते, ती नेमाने करायची असते. एचपीव्ही चाचणी महाग, पण एकदाच केली तरी मोठं काम करते. जागतिक आरोग्य संघटना आता याच चाचणीला पहिली पसंती देते, आणि त्यामागच्या भक्कम पुराव्यांत मराठवाड्यातल्या शेतकरी-मजूर बायका आहेत!

त्या चौसष्ट जणींचा विचार मात्र मनातून जात नाही. एका गटाला तपासणीविना का ठेवलं, असे प्रश्न जगात विचारले गेले आणि ते विचारलेच पाहिजेत. त्या बायकांमुळे आज जगाला जे कळलंय, त्याचा फायदा त्यांच्याच लेकी-सुनांना पहिल्यांदा मिळाला पाहिजे, असं मला फार आतून वाटतं.

आता आमच्या खापरखेड्याकडे येते. 1340 मेगावॅटचं वीज केंद्र, आजूबाजूला कोळशाच्या खाणी. इथे कॅन्सर म्हटलं की माणसं चिमणीकडे बोट दाखवतात. दाखवावंच; हवेचं प्रदूषण कॅन्सरला कारणीभूत ठरतं असं जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच कर्करोग संशोधन संस्थेने 2013 मध्ये जाहीर केलंय आणि राखेचा प्रश्न लावून धरलाच पाहिजे. पण बोट दाखवणाऱ्याच्या दुसऱ्या हातात खर्र्याची पन्नी असते! सुपारी, तंबाखू, चुना, पानठेल्यावर घोटून घेतलेला. तंबाखू तर आहेच, पण नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते हे 2004 सालीच त्या संस्थेने नोंदवलंय. "मी सादा खातो" म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

शिबिरात पुरुषांसाठी वेगळी रांग होती आणि तिथे मला दुसरी सोपी युक्ती मिळाली. तोंड उघडून आपलीच तीन बोटं उभी घालून बघायची. ठेकेदारीत कोळशाच्या कामावर असलेला एक पोरगा होता, मिसरूड नुकतीच फुटलेली. त्याची दोनच बोटं गेली. "जेवताना तिखट लई लागते ना जी, भाजी धुऊन खातो मी," तो म्हणाला. सिस्टरनी टॉर्च मारला. गालाच्या आत पांढरट, ताठर झालेली कातडी. सुपारीने होणारा हा आजार, कॅन्सरची आधीची पायरी. त्याला ओरडल्या नाहीत. "आजपासून पन्नी बंद, अन् सोमवारी माझ्यासोबत दातांच्या डॉक्टरकडे चाल," म्हणाल्या. सोमवारी त्याचा खाडा पडणार. कायम नोकरीवाल्याच्या घरात औषधाचं बिल मंजूर होतं, याची मात्र दिवसाची मजुरी जाते. शिबिर रविवारी आणि गावातच का घेतलं, हे तेव्हा मला कळलं.

औषधाच्या किमतीवरूनही एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुंबईत 1969 पासून कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन नावाची धर्मादाय संस्था आहे. रक्ताच्या एका कॅन्सरवरचं ग्लिव्हेक हे औषध महिन्याला लाखाच्या पुढे जात होतं, भारतीय कंपन्यांचं तेच औषध आठ-दहा हजारांत मिळत होतं. नोव्हार्टिस कंपनीने पेटंट मागितलं, तर रुग्णांना मदत करणारी ही संस्था थेट विरोधात उभी राहिली! 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारलं. स्वस्त औषध हजारो घरांत चालू राहिलं. कॅन्सरची संस्था म्हणजे फळं वाटणारी मंडळी, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा खटला जरूर वाचावा.

आमचं नशीब असं की उपचार आम्हाला लांब नाहीत. वीसेक किलोमीटरवर नागपूर. तिथे कॅन्सर रिलीफ सोसायटीचं राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक रुग्णालय आहे, सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे, जामठ्याला राष्ट्रीय कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. आमचं गाव अडतं ते त्याच्या आधी, लाजेपाशी आणि "मले काय होते"पाशी. म्हणून माझं मागणं सरळ आहे. ग्रामपंचायतीने, महिला बचत गटांनी, वीज केंद्राने आणि खाणीच्या व्यवस्थापनाने ठेकेदारीतल्या बायका-पुरुषांना तपासणीच्या दिवसाची भरपगारी सुटी द्यावी, द्यायला लावावी. आणि ज्यांच्या घरी नऊ ते चौदा वर्षांच्या मुली आहेत त्यांनी एचपीव्हीच्या लसीची चौकशी करावी. 2022 पासून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची आपली स्वतःची लसही आहे.

आणि वाचणाऱ्या प्रत्येक ताईला, काकूला, वहिनीला हात जोडून सांगते. तुमचं वय तीसच्या पुढे असेल तर आजच आपल्या आशाताईंना विचारा, जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी कोणत्या दिवशी होते. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख, तिन्हीची तपासणी मोफत आहे. पाळीचे दिवस सोडून जा. जाताना एकट्या जाऊ नका, शेजारणीलाही सोबत न्या.