चाचणीच्या कलमात काय नव्हतं

१६ फेब्रुवारी २०१८ रोजी नारेगावच्या कचरा डेपोकडे जाणाऱ्या गाड्या आसपासच्या गावकऱ्यांनी अडवल्या आणि औरंगाबादचा कचरा रस्त्यावर साचू लागला. ७ मार्चला गाड्या पडेगाव-मिटमिट्याकडे वळल्या, तेव्हा दगडफेक, जाळपोळ, लाठीमार, सगळं झालं. पुढे चिकलठाणा, हर्सूल आणि पडेगावला प्रक्रिया केंद्रं ठरली. पडेगावच्या केंद्राची क्षमता रोज १५० टन. कांचनवाडीला ३० टन ओल्या कचऱ्यापासून वायू करण्याचा प्रकल्प आला.

मी पडेगावचा. कचऱ्याची निविदा हाती आली की आधी चाचणीचं कलम उघडतो. ही सवय दुसऱ्या एका शहराने लावली.

तिथल्या महापालिकेने जुना डेपो मातीने झाकून त्यात वायूविहिरी खोदल्या होत्या. झाकलेला कचरा हवेविना कुजतो आणि त्यातून निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन असतो. हवेत मिसळून मिथेनचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांत आलं की एक ठिणगी पुरते. म्हणूनच घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी भरावाच्या जागेवर मिथेनची मर्यादा या खालच्या स्फोटक पातळीच्या २५ टक्के, म्हणजे हवेत सव्वा टक्का, इतकीच ठेवली. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार डेपोला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला होता.

त्या शहराच्या डेपोवर वायू ओढणारा ब्लोअर आणि तो जाळणारा फ्लेअर बसवून झाले. करारातलं चाचणीचं कलम जेमतेम तीन ओळींचं होतं: वायूत मिथेन किमान ५० टक्के असावा, प्रयोगशाळेचं शुल्क आणि चाचणीची वीज महापालिकेने द्यावी, अहवाल आल्यावर अंतिम देयक निघावं. मोजमाप घ्यायला प्रयोगशाळेकडून मी गेलो होतो.

विश्लेषक यंत्राची नळी पाइपला जोडली. मिथेन चाळिशीच्या आसपास होता आणि ऑक्सिजन नको तितका. ब्लोअर जोरात ओढत असल्याने मातीच्या थरातून हवा आत शिरत होती. ठेकेदाराच्या ऑपरेटरने एकेका विहिरीचा व्हॉल्व्ह आवळत नेला. हवा शिरायची थांबली, ऑक्सिजन उतरला, मिथेन पन्नाशीपार गेला. पण शेजारच्या प्रवाहमापकाचा आकडा निम्म्याहून खाली आला होता. ताशी ५०० घनमीटर वायूत ४० टक्के मिथेन असेल तर हाती २०० घनमीटर मिथेन लागतो. ताशी २०० घनमीटर वायूत ५५ टक्के असला तरी ११०च. उरलेला मिथेन भेगांतून हवेत जातो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट उष्णता अडवतो.

अहवालाच्या नमुन्यात प्रवाहाचा रकाना नव्हता. मी तो आकडा खाली शेऱ्यात लिहिला आणि उपअभियंत्यांना दाखवला. त्यांना सगळं कळत होतं. ते म्हणाले, “अहो, कलमात टक्का मागितलाय, टक्का आलाय. देयक कशाच्या जोरावर अडवू?”

देयक निघालं. पावसाळ्यात पाइपांत पाणी तुंबलं, फ्लेअर वारंवार विझू लागला. फेरचाचणी झाली तेव्हा तिचंही शुल्क महापालिकेनेच भरलं. पहिली चाचणी फसली तर दुसरीचा खर्च कोणाचा, याबद्दल करारात अवाक्षर नव्हतं. हे पैसे घरपट्टीतून आले होते, याचा मला आजही संताप येतो.

मुंबईतला गोराई डेपो १९७२ पासून वापरात होता आणि २००७ मध्ये बंद झाला. तिथला वायू गोळा करून जाळण्याचा प्रकल्प क्योटो कराराच्या स्वच्छ विकास यंत्रणेखाली घेतला गेला. त्या यंत्रणेत कार्बन क्रेडिट मिळायचं ते मीटरने मोजलेल्या आणि प्रत्यक्ष नष्ट झालेल्या मिथेनवर; टक्का आणि प्रवाह दोन्हींची सलग नोंद ठेवावी लागायची.

महापालिकेच्या करारातही हेच मागता येतं. टक्का आणि प्रवाह एकाच वेळी, काही दिवस सलग मोजावेत. एक चाचणी उन्हाळ्यात, एक पावसाळ्यात व्हावी. मापकांचं कॅलिब्रेशन एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेकडून असावं. पहिल्या चाचणीचा खर्च शहराने जरूर करावा, म्हणजे तपासणारा ठेकेदाराचा मिंधा राहत नाही. फेरचाचणीचा खर्च मात्र ठेकेदाराच्या अनामतीतून कापावा, आणि दोन्ही ऋतूंचे आकडे हाती येईपर्यंत शेवटचा हप्ता रोखून धरावा. पडेगाव असो की कांचनवाडी, यंत्रांची पुढची निविदा निघेल तेव्हा निविदापूर्व बैठकीत या अटी लेखी मांडायच्या आहेत; कार्यादेश निघाल्यावर त्या घालता येत नाहीत.