खुंट कुणी काढायचा?

आमच्याकडे झाड तोडणं आणि झाड काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. तोडायला करवत आणि अर्धा तास पुरतो. काढायला जमिनीत उतरावं लागतं. तोडलेल्या झाडाचं लाकूड विकून मोकळं होता येतं, पण खुंट तिथंच राहतो. ट्रॅक्टरचा फाळ त्याला अडकून वाकतो, पेरणीची ओळ त्याला वळसा घालून जाते, वाळवी लागते ती आधी त्यालाच. मग कधीतरी तो काढायचा विषय निघतो आणि घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो आपण काढू, दुसरा म्हणतो जेसीबी बोलवा.

आमच्या घरात हे पक्ष २०१६च्या मे महिन्यात पडले. एका बाजूला दादा, म्हणजे माझे वडील. दुसऱ्या बाजूला मी. आणि वादाच्या मधोमध दोन एकरांत उभे २१६ खुंट.

बदनापूर तालुक्यात आमची मोसंबीची बाग होती. जालना जिल्ह्यात मोसंबी म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. बदनापूरला मोसंबीचं वेगळं संशोधन केंद्र आहे. अंबड, घनसावंगी, बदनापूर, जालना या पट्ट्यात पाहुणा आला की बाग किती एकर हे आधी विचारलं जायचं, पोरं किती हे नंतर. माझ्या इंजिनिअरिंगची फी आंबे बहाराच्या पैशातून जायची.

२०१२चा पावसाळा कोरडा गेला. पुढच्या उन्हाळ्यात राज्यातल्या सगळ्यात जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांत जालना होता. लोकांनी टँकरचं पाणी विकत घेऊन बागा जगवायचा प्रयत्न केला. आम्हीही घेतलं. पण प्यायच्याच पाण्याचे वांधे झाले, तेव्हा झाडाला किती घालणार? मे २०१३मध्ये दादांनी बाग गुडघ्याएवढी ठेवून तोडली आणि लाकूड सरपणाच्या भावाने विकलं. माझं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष चालू होतं. उरलेली दोन वर्षं कर्जावर निघाली.

त्या वर्षीच्या पावसानंतर काही खुंटांना धुमारे फुटले. आईला वाटलं बाग परत येतेय. पण ती पानं मोसंबीची नव्हती. मोसंबीचं कलम स्वतःच्या मुळावर वाढत नाही. रंगपूर लिंबाच्या किंवा जंभेरीच्या रोपावर मोसंबीचा डोळा भरतात, आणि त्या खालच्या रोपालाही आपण खुंटच म्हणतो. वरची मोसंबी वाळून गेली होती आणि खालचं रंगपूर जिवंत होतं, तेच फुटत होतं. दादांनी ते धुमारे विळ्याने छाटले. पुढची तीन वर्षं त्या खुंटांच्या मधून बैलांच्या औताने कपाशी घेतली. २०१४चा आणि २०१५चा पाऊसही धड झाला नाही. खुंट काढायला ना पैसा होता, ना उमेद.

२०१६मध्ये मला पुण्यात नोकरी लागून सहा महिने झाले होते. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, त्याच्या बातम्या सगळ्यांच्या फोनवर फिरत होत्या. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं तेही त्याच वर्षी. नाव जगाच्या नकाशावर गेलं आणि आमच्या रानात नुसते बुंधे.

मी सुट्टीवर आलो तर दादांनी कुदळ, टिकाव, कुऱ्हाड आणि पहार काढून ठेवलेली. वय पंचावन्न, गुडघे दुखरे. मी फोनवर हिशोब मांडला.

बाग २० बाय २० फुटांवर होती. १८ ओळी, ओळीत १२ झाडं. एक खुंट हाताने काढायचा म्हणजे भोवती दोन फुटांची चर खणायची, आडवी मुळं एकेक करून कुऱ्हाडीने तोडायची, मग पहारीने उचकटायचं. तीन वर्षं वाळवी लागल्याने निम्मे खुंट पोकळ झाले होते, तरी दोन माणसं दिवसाला सहाच्या वर जात नव्हती. म्हणजे ३६ दिवस. तेव्हा गावात गड्याची मजुरी ३०० रुपये होती. दोघांचे मिळून २१,६०० रुपये. जेसीबी तासाला ८०० रुपये घेत होता आणि तासाला पंधरा खुंट सहज उपटत होता. साडेचौदा तास, साडेअकरा हजारांच्या आसपास. निम्मा खर्च आणि दोन दिवसांत काम फत्ते.

दादा म्हणाले, “आपल्या हाताला कशाची मजुरी?”

शेतकऱ्याच्या घरात हे वाक्य रोज बोललं जातं. त्याचा अर्थ असा की घरच्या माणसाचा घाम खर्चात धरायचाच नाही. सरकारसुद्धा तो धरतं. केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग पिकाचा खर्च काढतो तेव्हा खिशातून गेलेल्या पैशाला ‘ए२’ म्हणतो, आणि त्यात घरच्यांच्या मजुरीची अंदाजे किंमत मिळवून ‘ए२ अधिक एफएल’ असा दुसरा आकडा काढतो. मी दादांना हे सांगितलं. ते म्हणाले, “लिहून घेत असतीन. देतंय कोन?”

खरी अडचण पैशाची नव्हती. जेसीबी आला तर पैसे माझे जाणार होते आणि हाताने काढलं तर कंबर त्यांची. मला त्यांच्या कंबरेची काळजी होती. माझ्या पहिल्या पगारांतले पैसे वाळलेल्या बागेवर घालवायचे, हे त्यांना नको होतं. दोघांनाही दुसऱ्याचं नुकसान वाचवायचं होतं आणि दोघंही ते चिडून बोलत होतो.

तिसऱ्या दिवशी त्यांनी खरं कारण सांगितलं. “मशीन काढीन रे. पन झाड कामून वाळलं ते सांगीन का?”

मी म्हटलं, पाणी नव्हतं म्हणून वाळलं, त्यात काय सांगायचं? ते म्हणाले, “पानी तर समद्यालाच नव्हतं. मंग खालच्या ओळी दोन महिने जास्त कशा जगल्या?”

मला पटेल असा हा पहिला मुद्दा होता. आम्ही तडजोड केली. प्रत्येक ओळीतला एक खुंट हाताने काढायचा, बांधापासून नाल्यापर्यंत उतारावर तिरपी रेघ धरून. असे १८. उरलेले १९८ जेसीबीने. सर्व्हे करतात तसंच हे. सगळ्या गावाला विचारत नाहीत, पण निवडून विचारतात.

तीन दिवस आम्ही दोघं खणत होतो. हाताने खुंट काढायचं एक तंत्र असतं. नवखा माणूस आधी खुंट धरून हलवत बसतो. हलवून खुंटा बळकट करणं म्हणतात ते अक्षरशः खरं आहे. मुळं तुटलेली नसताना कितीही हलवलं तरी माती फक्त दाबली जाते. आधी चर, मग सगळी आडवी मुळं, मग खालचं, आणि पहार अगदी शेवटी. ट्रॅक्टरला साखळी बांधून ओढणारेही असतात. साखळी ड्रॉबारच्या वर कुठं बांधली आणि खुंट सुटला नाही, तर ट्रॅक्टरचं पुढचं तोंड उचलून तो ड्रायव्हरवर मागे उलटतो. दादांनी ट्रॅक्टरचं नावही काढू दिलं नाही.

प्रत्येक खड्ड्याची नोंद दादा माझ्या जुन्या वहीत करत होते. ओळीचा नंबर, माती किती खोल, खाली काय लागलं, मुळं कुठं गेली.

बांधाकडच्या पहिल्या सात ओळींत दीड फुटावर मुरूम लागला. मुळं तिथं पोचून फरशीवर पाणी पसरावं तशी आडवी झाली होती. मधल्या पाच ओळींत माती बरी होती, पण खाली चुनखडीचे पांढरे खडे. लिंबूवर्गीय झाडाला चुनखडी मानवत नाही हे पुस्तकात असतं, आमच्या रानात ती नेमकी कुठून कुठपर्यंत आहे ते पुस्तकात नसतं. नाल्याकडच्या शेवटच्या सहा ओळींत मात्र कमरेएवढी माती होती आणि मुळं खोल उतरलेली. दोन महिने जास्त जगण्याचं कारण तेच. पंधराव्या ओळीतल्या खुंटाची जमिनीलगतची साल कुजून काळी पडली होती. तो डिंक्या होता, फायटॉप्थोरा नावाच्या बुरशीमुळे होणारा रोग. ते झाड नुसतं पाण्यावाचून गेलं नव्हतं.

चौथ्या दिवशी जेसीबी आला. चालवणारा पोरगा माझ्याहून लहान असेल. “काका, बाजूला व्हा,” म्हणत त्याने मागचा बकेट खुंटाच्या पलीकडे रोवला, हाताजवळचा दांडा ओढला आणि चार मिनिटांत झाडाची बारा-तेरा वर्षं मुळासकट उताणी केली. बघायला अर्धं गाव जमलं. तीन वर्षांनी, मे २०१९मध्ये, ‘जेसीबी की खुदाई’ या मीम्सनी इंटरनेट भरून गेलं, तेव्हा ऑफिसात सगळे विचारत होते की खुदाई बघायला एवढी माणसं का जमतात. मला त्यात नवल वाटलं नाही. जे काम महिनाभर तुमची पाठ मोडणार असतं, ते कुणी खेळल्यासारखं करतोय, हे बघून अंग सैल पडतं.

पण त्याचे खड्डे मी मुद्दाम उतरून पाहिले. काही कळत नव्हतं. बकेटने मुरूम, चुनखडी, काळी माती सगळं एकत्र कालवून बाहेर टाकलेलं, मुळं तुटून गेलेली. त्या पोराची चूक काही नव्हती. त्याचं मीटर तासावर चालतं आणि त्याला बोलावलंच होतं ते खुंट गायब करायला. मशीन सात टनांच्या वरचं असतं. पाऊस पडून काळी माती ओली झाली असती तर त्याच्या चाकांनी रान दगडासारखं दाबलं असतं. मेमधल्या भेगाळलेल्या जमिनीत तेवढं नुकसान झालं नाही. वरची काळी माती एका बाजूला ठेव, असं सांगितलं तर ऑपरेटर ठेवतो, पण ते आधी सांगावं लागतं आणि त्याला वेळ जास्त लागतो. आम्ही शेवटच्या सहा ओळींत तसं करून घेतलं. विहिरीच्या पाइपलाइनजवळचे तीन खुंट त्याने स्वतःहूनच सोडले. “इथं हातानेच काढा,” म्हणाला. चांगला कारागीर आपलं हत्यार कुठं चालवायचं नाही हेही जाणतो.

त्या १८ खड्ड्यांमुळे पुढचं सगळं बदललं. पैसा जमला की दोन्ही एकरांत पुन्हा मोसंबी लावायची, असं आमचं गृहीत होतं. वही बघितल्यावर दादांनी नाल्याकडच्या सहा ओळींएवढ्या जागेतच बाग धरायची ठरवली, तीही जुने खड्डे टाळून, दोन ओळींच्या मधे. नवे खड्डे पुढच्या उन्हाळ्यात खणून तापू दिले, म्हणजे बुरशी आणि किडीचा जोर कमी होतो. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत अर्ज केला आणि शेततळं बांधाकडच्या मुरमात घेतलं, जिथं झाड जगत नव्हतंच. पोकलेनने खणलं, प्लॅस्टिकचा कागद अंथरला. तिथून पाणी उतारानेच खाली बागेत येतं. मधल्या पट्ट्यात तूर असते.

आता मित्र विचारतात. कुणाच्या गावच्या घराला कडुनिंबाच्या खुंटाची मुळं भिंतीत चाललेली असतात, कुणाच्या प्लॉटमधे चिंचेचा बुंधा असतो. स्वतः काढू की माणूस बोलवू? मी सांगतो की आधी कायद्याचं बघ. आंबा, चिंच, सागासारखं झाड उभं असेल तर परवानगीशिवाय हात लावता येत नाही, १९६४चा वृक्षतोडीचा कायदा आहे आणि शहरांसाठी १९७५चा वेगळा. मग भोवती काय आहे ते बघ. भिंत, पाइप, केबल असेल तर मशीन नको. मोकळं रान आणि शेकड्याने खुंट असतील तर हाताने काढण्यात काही पुण्य नाही, आईबापाची कंबर त्यापेक्षा महाग आहे. आणि त्याच जागी पुन्हा काही लावणार असशील, तर मशीन यायच्या आधी दोन-चार खुंट स्वतः खणून बघ.

बाग आज सत्तर झाडांची आहे. दादांची ती वही गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या चुलत्यांनी मागून नेली. त्यांची जुनी बाग काढायची होती. त्यांनी दहा खुंट घरच्यांना घेऊन काढले, खड्ड्यांत दादांना उतरवून माती दाखवली. उरलेल्यांसाठी जेसीबीवाल्याचा नंबर त्यांना मीच दिला.