यल्लापूरची कवंदी

मे महिना सरत आला होता. बेळगावहून हल्याळमार्गे यल्लापूरकडे निघालो, तेव्हा आमच्या पिशवीत एक छोटी वाकळ होती. आम्ही दोघी बहिणी मिरजेच्या. वाकळ शिवायचा नाद अम्मीकडून लागलेला. अम्मी गेल्यावर तिच्या साड्यांतूनच ही वाकळ शिवली होती. बेळगावच्या चुलतबहिणीच्या ओळखीच्या सिद्दी खालांना नातू झाला होता, त्याच्यासाठी.

सिद्दी म्हटले की आपल्याला जंजिरा आठवतो. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींची कहाणी वेगळी. पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेली अनेक माणसे तिथून निसटली आणि सह्याद्रीच्या या रानात वसली. त्यांच्या वंशजांत आज मुस्लिम, हिंदू, ख्रिस्ती तिन्ही आहेत. २००३ साली त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. धर्म वेगळे असले तरी कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, तिन्ही घरांत शिवली जाते.

सलाम-दुआ झाली. खालांनी वाकळ उलटसुलट करून टाके पाहिले आणि बाळाला तिच्यात गुंडाळले. मग स्वतःची कवंदी पसरली. खाली जुनी साडी, वर लाल, पिवळ्या, निळ्या चिंध्या. आपण थर जुळवून मग टाके घालतो. त्या कडेपासून सुरुवात करतात आणि ठिगळे लावत, धावदोरा घालत चौफेर आत सरकतात. मधला भाग कसा दिसेल हे आधी ठरलेले नसते. शेवटी चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची तिकोनी फुले लावायची. "फुलाशिवाय कवंदी उघडी दिसते," खाला म्हणाल्या. ही कवंदी त्यांनी आमच्यासाठीच शिवली होती. फुले तेवढी राहिली होती.

मग वाकळीतल्या हिरव्या तुकड्यावर बोट ठेवून त्यांनी विचारले, "किसकी साडी है ये?"

"अम्मीची."

"थोडी उरली आहे?"

उरली होती. पिशवीच्या तळाशी हातभर तुकडा होता, शेवटचा. तो कोणी ठेवायचा यावरून आम्हा बहिणींत महिनाभर कुरबुर चाललेली. आम्ही एकमेकींकडे पाहिले आणि गप्प राहिलो. खालांनी पुन्हा विचारले नाही.

तेवढ्यात परसातून टपटप आवाज आला. पोरे दगड मारताहेत असे वाटून आम्ही बाहेर आलो. फणसाच्या शेंड्याजवळ तांबूस-तपकिरी, जवळजवळ तीन फूट लांबीचे काहीतरी फणस फोडत बसले होते. झुपकेदार शेपूट खाली लोंबत होते. शेकरू! महाराष्ट्राचा राज्यप्राणी, आणि आम्हाला पहिल्यांदा दिसला तो कर्नाटकात, एका घराच्या परसात.

"हाकलत नाही का?" आम्ही विचारले.

"कशाला? हाताला येतात ते फणस आमचे, शेंड्याचे त्याचे. तो खातो, बिया खाली पडतात. त्या आम्ही भाजून खातो."

असरपर्यंत आम्ही ओसरीवर बसलो होतो. शेकरू एका झाडावरून दुसऱ्यावर झेप घेत रानात गेला. मग धाकटीने पिशवीतून हिरवा तुकडा काढला आणि काही न बोलता खालांच्या मांडीवर ठेवला. खालांनी त्याचे चार चौकोन केले, घड्या घातल्या. दोन फुले त्यांनी लावली, दोन आम्हाला लावायला दिली.

आता कवंदी पावसाळ्यात थोरलीकडे, थंडीत धाकटीकडे असते. भांडण मिटले असे नाही. पण आता ते तारखांवरून होते. आणि खालांचा फोन आला की सलामानंतरचा पहिला प्रश्न ठरलेला: "अम्मीचं फूल उसवलं तर नाही ना?"