शेजाऱ्याच्या बाजूने काढलेलं घर

तालुक्याच्या गावातलं दोन गुंठ्यांवरचं जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं, की घरात पहिली चर्चा होते ती स्वयंपाकघर आग्नेयेला बसतंय का याची. आर्किटेक्टला मात्र आधी मालमत्ता पत्रक हवं असतं आणि मोजणीची ‘क’ प्रत. घोडं तिथेच अडतं. पत्रकावर आजोबांचं नाव तसंच असतं, नाहीतर वारस म्हणून दोन काका आणि तीन आत्या लागलेल्या असतात. त्यातली एक इंदूरला. मग संमतिपत्रं, हक्कसोडपत्र. वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोललेली माणसं दुय्यम निबंधकाच्या कचेरीत एकाच बाकावर बसतात. नकाशावर अजून रेघही पडलेली नसते.

मंजुरीचा नकाशा हाती आला, की घरमालक बहुधा हिरमुसतो. त्यात ओट्याची उंची नसते, देवघराची महिरप नसते. असतं ते समोरच्या रस्त्याची रुंदी, चारी बाजूंची सामासिक अंतरं, सांडपाण्याची वाट. रंगही नेमून दिलेले : नवं बांधकाम लाल, रस्ता हिरवा, सांडपाण्याची वाहिनी लाल तुटक रेषेत आणि जे पाडायचं ते पिवळ्या तिरप्या रेषांत. ज्या खोलीत घरातल्या तीन पिढ्यांची बाळंतपणं झाली, तिच्यावरही त्याच पिवळ्या रेषा.

खरं तर हा नकाशा घर शेजाऱ्याच्या बाजूने बघतो. आणि तसं बघायला आपण फार मोठी किंमत मोजून शिकलो आहोत. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा अंधाऱ्या, कोंदट चाळींकडे सरकारचं लक्ष गेलं. 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढे त्याने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आणला. खालच्या खोलीच्या खिडकीपासून या कोनात वर रेघ काढली, तर मध्ये समोरची इमारत येता कामा नये. म्हणजे उंचीच्या साधारण निम्मी जागा मोकळी सोडायची. आजचं सामासिक अंतर त्याच विचारातलं. ‘एवढी जागा फुकट जाते’ म्हणून हळहळणाऱ्याला शेजाऱ्याच्या सोडलेल्या जागेतून येणारा वारा मात्र हवाच असतो.

2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीने राज्याच्या बऱ्याच भागात लहान भूखंडांची वाट सोपी केली. दीडशे ते तीनशे चौरस मीटरपर्यंत परवानगीची मुदत दहा दिवसांची. दोन गुंठे त्यातच बसतात. परवानगी वर्षभर टिकते, तिला आणखी तीन वर्षांपर्यंत मुदतवाढ मिळू शकते.

पण मंजुरीच्या या नकाशावर मिस्त्री घर बांधू शकत नाही. त्याला सेंटर लाइन लागते, कॉलमचा तक्ता, सळयांचा तपशील, स्लॅब ओतण्याआधी कुठून पाइप आणि वायर जाणार त्याची खूण. हे सगळं दाखवणारं ड्रॉइंग कुणाच्या शिक्क्यासाठी नसतं, म्हणून पैसे वाचवायला लोक नेमकं तेच गाळतात. मग बेसिनची चर्चा बांधकाम लिंटेलपर्यंत आल्यावर होते आणि नव्याकोऱ्या भिंतीत छिन्नी चालते.

जोत्याची तपासणी होते, घर उभं राहतं. वास्तुशांतीची पत्रिका छापून होते, पंगती उठतात. भोगवटा प्रमाणपत्राचा अर्ज बऱ्याच घरांत तेव्हा आठवतो, जेव्हा पुढची पिढी घर विकायला काढते आणि गिऱ्हाइकाची बँक तो कागद मागते. तोवर मंजूर नकाशातल्या उघड्या बाल्कनीची बंद खोली झालेली असते.