दादाची बाजू, माझी बाजू

आमच्या पुण्याच्या घरात रॉक संगीत आलं ते एका नव्वद मिनिटांच्या टीडीके कॅसेटवरून, आणि आलं तेच घरात दोन तट पाडून. मस्कतला नोकरीला असलेल्या मामानं ती भरून आणली होती. ए बाजूला डीप पर्पलचा ‘मशीन हेड’, बी बाजूला पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’. पहिला १९७२ चा, दुसरा १९७३ चा. आमच्यापर्यंत पोचेस्तोवर ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. ए बाजूला शेवटी थोडी फीत उरली होती, तिथं मामानं जेथ्रो टलचं ‘लिव्हिंग इन द पास्ट’ भरलं होतं. ए बाजू दादाची, बी बाजू माझी, ही वाटणी आठवड्याभरात ठरून गेली.

दादा तेव्हा तबला शिकत होता. त्यामुळे गाणं कुठलंही लागो, त्याची बोटं आधी मांडीवर मात्रा मोजायची. फ्लॉइडचं ‘मनी’ त्यानं असंच मोजलं. नाण्यांचा आणि गल्ल्याचा खणखणाट, मागोमाग बेस गिटार, आणि सातव्या मात्रेवर आवर्तन पुरं. “सात आहेत गं,” तो म्हणाला, “म्हणजे रूपकाएवढ्या. वजन मात्र रूपकाचं नाही.” सॅक्सोफोन संपेपर्यंत सात चाललं. मग डेव्हिड गिल्मोरची गिटार सुरू झाली आणि ताल चारात आला. दादा खूश. “बघ, मोकळेपणानं वाजवायची वेळ आली की तुझ्या फ्लॉइडलाही चारच लागतात!” मी कॅसेट उलटवून त्याला टलचं गाणं लावून दिलं. ते सरळ पाचात आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि तरी पाय ठेका धरतो. अर्धा झपताल म्हणत त्यानं तेही मोजलं आणि ते गाणं आपल्या बाजूला आहे म्हणून आपलंच, असा दावा लावला.

पुढे कॉलेजात कॅसेटींची देवाणघेवाण वाढली तशी आमची घराणीच झाली. त्याच्याकडे लेड झेपेलिन, ब्लॅक सॅबथ; माझ्याकडे जेनेसिस, येस, कॅमल. किंग क्रिमझनचं नाव आम्ही ऐकून होतो, कॅसेट कुणाकडेच नव्हती. आपली आवड आपण निवडतो असं वाटतं खरं, पण त्या काळात निम्मी निवड आखातातल्या मामांनी आणि दुकानदारांनी केलेली होती. इथं घरोघरी फ्लॉइड आणि पर्पल पोचले आणि व्हॅन डर ग्राफ जनरेटरसारखा बँड बहुतेकांच्या कानांवर पडलाच नाही, त्याचं कारण आमच्या कानांत शोधण्यात अर्थ नाही.

दादा ऐकायचा तो हात आणि जागा. झेपेलिनच्या चौथ्या अल्बममधलं ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ तो मला पुन्हा पुन्हा ऐकवायचा. हेडली ग्रेंज या जुन्या घरात, जिन्याच्या तळाशी प्रवेशदालनात जॉन बॉनमचे ड्रम मांडले होते आणि माइक वरच्या मजल्यावरून खाली सोडले होते. प्रत्येक ठोक्यामागे त्या जिन्याची पोकळी ऐकू येते. ‘मशीन हेड’चंही तसंच. ४ डिसेंबर १९७१ ला माँत्रोच्या कसिनोत फ्रँक झॅपाचा कार्यक्रम चालू असताना कुणीतरी फ्लेअर उडवला आणि कसिनो जळून गेला. पर्पल तिथंच रेकॉर्डिंग करणार होते. शेवटी एका रिकाम्या हॉटेलात, बाहेर रोलिंग स्टोन्सची फिरती स्टुडिओ-गाडी उभी करून त्यांनी तो अल्बम पुरा केला.

मी ऐकायचे ती बांधणी. जेनेसिसचं ‘सपर्स रेडी’ तेवीस मिनिटांचं आहे, सात खंडांचं. पहिल्या खंडातली धून मधल्या सगळ्या उलथापालथीनंतर अखेरीला परत येते, आणि येते ती मोठी होऊन. या परतण्यासाठी मी तेवीस मिनिटं कधीही देईन. येसचं ‘क्लोज टू द एज’ अठरा मिनिटांचं. पक्षी आणि पाण्याचे आवाज, मग सगळी वाद्यं एकमेकांच्या अंगावर धावून गेल्यासारखी तीन मिनिटं, आणि त्या गदारोळातून एकदम स्वच्छ निघणारी मुख्य धून. मध्यावर सगळं थांबतं आणि चर्चचा ऑर्गन उभा राहतो. तो लंडनच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये जाऊन रेकॉर्ड केलेला आहे. त्या क्षणी माझ्या अंगावर अजूनही काटा येतो.

आमच्या बाबांना यातलं काहीच लांब वाटत नसे. सवाई गंधर्वला रात्रभर बसणारा माणूस तो. भीमसेनजींचा विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला अठरा मिनिटांचं काय कौतुक? एका रविवारी आम्ही दोघांनी त्यांना न्याय करायला बसवलं. दादानं पर्पलचा ‘मेड इन जपान’ लावला, ऑगस्ट १९७२ मधल्या ओसाका आणि टोकियोच्या मैफलींचा. त्यात एका गाण्यात गायक इअन गिलन आणि गिटारवादक रिची ब्लॅकमोर यांचा सामना आहे. गिटार एक हरकत घेते, गळा ती जशीच्या तशी परत देतो, मग पुढची, आणखी अवघड. बाबा सरसावून बसले. “हा तर सवाल-जवाब!” स्टुडिओत साडेचार मिनिटांत आटपलेलं ‘स्पेस ट्रकिन’’ तिथं वीस मिनिटं चालतं, हेही त्यांना पटलं. बंदिश छोटी, विस्तार मोठा. मग मी येस लावला. त्यांनी पूर्ण ऐकला, मन लावून ऐकला, आणि म्हणाले, “सुंदर बांधलंय. पण हे सगळं आधीच ठरलेलं आहे ना? उद्या यांना वेगळं काही सुचलं, तर ते कुठं ठेवतील?”

लांबीवरून मी तोवर माझ्या बँडांना ख्यालाच्या जवळचे समजत होते. बाबांच्या हिशेबानं दादाचे बँड जवळचे निघाले. त्यांच्याकडे उपज होती.

बाबांच्या त्या प्रश्नावर मी पुढे बरीच वर्षं विचार केला. येसचा ड्रमर बिल ब्रुफर्ड ‘क्लोज टू द एज’ पुरा होताच येस सोडून किंग क्रिमझनमध्ये गेला, आणि तिथं रंगमंचावर ऐनवेळी सुचेल ते वाजवण्याला भरपूर वाव होता. म्हणजे बाबांना पडलेला प्रश्न आत बसलेल्या वादकालाही पडला असावा. उलट येसचाच पुढचा ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ घ्या: दोन तबकड्या, चार बाजू, चारच गाणी. तिथं बांधणी पातळ झाली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. कीबोर्डवर बसलेल्या रिक वेकमनलाही ते रुचलं नव्हतं. कार्यक्रम चालू असताना आपण रंगमंचावर करी खाल्ली, हे त्यानं स्वतःच सांगितलं आहे.

आमचा फरक प्रत्यक्ष कार्यक्रमांत आणखी ठळक दिसला. १९९५ मध्ये डीप पर्पल मुंबईत आले तेव्हा ब्लॅकमोर बँडमध्ये नव्हता, स्टीव्ह मोर्स होता. दादा गेला आणि तृप्त होऊन परतला. नवा माणूस जुन्या गाण्यात काय नवं काढतो, तेच ऐकायला तो गेला होता. फेब्रुवारी २००७ मध्ये फ्लॉइडच्या रॉजर वॉटर्सनं मुंबईत ‘डार्क साइड’ सबंध सादर केला. गिल्मोरच्या जागा दुसऱ्यांनी वाजवल्या. मी एकेक स्वर ओळखीच्या जागी येतो का, ते पाहत होते आणि आला की सुखावत होते. शेजारी उभा दादा म्हणाला, “ध्वनिव्यवस्था उत्तम होती.” त्याच्या तोंडून याहून कडक टीका मी ऐकलेली नाही.

तट तरी कितीसे पक्के असतात? सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा जॉनी रॉटन फ्लॉइडच्या टी-शर्टवर ‘मला तिरस्कार आहे’ अशा अर्थाचे शब्द खरडून फिरायचा. त्याच माणसानं १९७७ मध्ये लंडनच्या कॅपिटल रेडिओवर आपल्या आवडीची गाणी लावली, त्यांत व्हॅन डर ग्राफ जनरेटरच्या पीटर हॅमिलची होती. दादाच्या लाडक्या झेपेलिनचं ‘फोर स्टिक्स’ तर पाच आणि सहा मात्रांच्या मध्ये हेलकावतं. १९७२ मध्ये जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट यांनी तेच गाणं मुंबईत इथल्या वादकांना घेऊन रेकॉर्ड केलं. अधिकृतपणे ते बाहेर आलं २०१५ मध्ये. मी ते दादाला पाठवलं. उत्तर आलं: “तबल्याचा आवाज अजून वर हवा होता.”

हल्ली कुणी असा वाद काढला की बाकीचे ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून विषय मिटवतात. मला ते मुळीच पटत नाही. दादा भांडला नसता तर बॉनमच्या ड्रममागचा तो जिना मला कधी ऐकू आला नसता, आणि मी हट्ट धरला नसता तर त्यानं ‘सपर्स रेडी’ अखेरपर्यंत ऐकलं नसतं. मात्र माझा कौल आजही बांधणीलाच आहे. ‘क्लोज टू द एज’मध्ये सुचलेलं वेगळं ठेवायला जागा नाही, कारण तिथं सुचायचं काही उरलेलंच नाही. तुम्ही तो ऐकला नसेल तर सबंध ऐका, पहिल्या तीन मिनिटांच्या गदारोळाला घाबरून बंद करू नका. नाही आवडला तर का नाही, ते मात्र नीट सांगा.